तेजरावचा दुभाषी

सुधाकरने आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला फसवलं. धाकट्याचं नाव तेजराव. ही फसवणूक शेतात झाली नाही आणि घराच्या वाटणीतही झाली नाही. वाटणीच्या वेळी मी स्वतः बांधावर उभा होतो. विहिरीकडचा तुकडा सुधाकरने न मागता तेजरावला सोडला, हे मी कोणालाही सांगेन. माणूस व्यवहारात स्वच्छ आहे. म्हणूनच त्याने जे केलं ते कोणाच्या नजरेत आलं नाही. त्याने भावाचं एक वाक्य दाबलं. नीट ऐकलं, नीट समजून घेतलं आणि दाबलं. त्या बदल्यात त्याला भावाची मुलगी मिळाली.

हे आता लिहायला बसलो त्याला कारण तेजरावची तेरवी. पंगत बसण्याआधी सुधाकरने माईक हातात घेतला. बुलढाण्याला कचेरीत आयुष्य काढलेला माणूस, त्याला बोलता चांगलं येतं. म्हणाला, "माझा भाऊ निर्मोही होता. त्याला कशाचा लोभ नव्हता, कशाचं दुःख नव्हतं. स्वतःच्या हाताने त्याने आपली एकुलती मुलगी माझ्या पदरात घातली आणि डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. असे योगी पुरुष संसारात क्वचितच सापडतात."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. पुढच्या रांगेत तेजरावची मुलगी स्वाती नवऱ्याशेजारी बसली होती. ती हलली नाही. मी उठून बाहेर आलो. बसून राहिलो असतो तर माईक हिसकावला असता, आणि गेलेल्या माणसाच्या मांडवात ते बरं दिसलं नसतं. इथे लिहिताना मात्र मला हात धरून खाली बसवणारं कोणी नाही.

तेजराव योगी नव्हता. त्याला लोभ होता, राग होता, दुःख होतं, तुमच्या-माझ्याइतकंच होतं. फक्त यातलं आपल्याला आत्ता काय होतंय, ते त्याला कळत नसे. पोटात खड्डा पडला की आपण म्हणतो, भीती वाटली. छाती भरून आली की म्हणतो, आनंद झाला. तेजरावला खड्डा कळायचा, छाती कळायची. पुढचं नाव त्याला सापडत नसे. "कसं काय तेजराव, बरं हाये ना?" असं रस्त्यात कोणी विचारलं तर माणूस "हाव, बरं हाये" म्हणून पुढे जातो. तेजराव थांबायचा. खरोखर आत बघितल्यासारखं करायचा आणि सांगायचा, "डाव्या खांद्यात जड वाटून राह्यलं." विचारणारा हसत निघून जायचा. अशी माणसं असतात, त्याला डॉक्टरी नाव आहे, असं मला अलीकडे एकाने सांगितलं. नाव मी विसरलो. नाव कळून तेजरावचं काही भलं होणार नव्हतं.

उंच, हाडाने मोठा, कपाळ रुंद, आणि त्या कपाळावर कधी आठी म्हणून नाही. चालताना हात पाठीमागे बांधायचा. घरात नवीन काही आलं, म्हणजे घागर, चादर, काहीही, की आधी गालाला लावून पाहायचा आणि मग ठेवायचा. लग्नात बँड वाजला की लोक नाचतात. हा बँडवाल्याच्या ढोलावर हलकेच पंजा ठेवून उभा राहायचा. "काय करून राह्यला बे?" म्हटलं की म्हणायचा, "हातातून वर येते." काय वर येतं ते त्याला सांगता यायचं नाही.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्यांचे बैल पायी बाजाराला पोचवण्यापासून सुरुवात केली; मला कोणी बोट धरून शिकवलं नाही. आमच्याकडे जुने लोक अजूनही सौदा उपरण्याखाली करतात. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळत नाही, दिसतात फक्त दोन तोंडं. त्यामुळे खेळ सगळा तोंडाचा. आणि माझं तोंड या कामाला नालायक. समोरच्याने कमी भावाचं बोट दाबलं की माझे कान लाल होतात, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. म्हणून मी तेजरावला सोबत घेतलं. बैल मी पारखायचा, भाव मी ठरवायचा, हात त्याने घालायचा.

पहिल्याच मोसमात जानेफळकडचा एक मुरलेला व्यापारी त्याच्यासमोर बसला. मोठा हुशार माणूस, बोटांपेक्षा डोळ्यांनी जास्त बोलणारा. त्याने हसून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं, हात झटकून उठण्याचं सोंग केलं, परत बसला. तेजराव त्याच्याकडे असा बघत होता जसा आपण एसटीची वाट बघतो. शेवटी त्या व्यापाऱ्याने आपणहून आमची किंमत मान्य केली आणि मला म्हणाला, "उत्तमशेठ, याच्यासंगं सौदा म्हणजे भिताडासंगं कुस्ती हाये बापा."

परत येताना जीपमध्ये तेजरावने मला विचारलं, "तो माणूस काऊन चिडला होता?"

"चिडला हे तुले कसं समजलं?"

"त्याचा हात ओला झाला." मग थोड्या वेळाने, "घाम रागाचा असते का भेवाचा?"

"दोन्हीचा असते."

"मंग लोकायले आपला कोणता ते कसं समजते?"

आमचं रोहिणखेड येईपर्यंत तो आपल्या तळहाताकडे बघत बसला होता.

आता सुधाकरबद्दल. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण सगळं त्यावर उभं आहे. तेजरावचं बोलणं ज्याला बिनचूक कळायचं असा जगात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे त्याचा मोठा भाऊ. हे माझं अनुमान नाही. सुधाकरने मला स्वतः सांगितलं होतं, माझ्या गोठ्यात, पेंडीच्या पोत्यावर बसून, चहा पीत. तेव्हा आमचं चांगलं होतं.

सांगत होता, की शाळेत मास्तरांनी मारलं तरी तेजा रडत नसे. घरी येऊन म्हणायचा, भूक लागली. माय भाकर वाढायची आणि भाकर तशीच पडून राहायची. माय वैतागायची, अन्न टाकतो म्हणून आणखी एक धपाटा द्यायची. "एक दिवस माझ्या लक्षात आलं उत्तमभाऊ," सुधाकर म्हणाला, "की हा भूक लागली म्हणतो त्या दिवशी काहीतरी झालेलं असतं. कुत्रं मेलं, वही हरवली, कोणी मारलं. आतून ओरबाडल्यासारखं होतं त्याला, आणि त्याला वाटतं ती भूक. मी मायला सांगितलं, माय, याले भाकर नको, जवळ घे. तिने घेतलं. तिच्या मांडीवर तसाच झोपून गेला." आणि मग हसून म्हणाला, "मी त्याचा दुभाषी आहे."

हे शब्द त्याचे. मी पदरचं काही घातलेलं नाही.

दुभाष्याचं काम त्याने केलंही, आणि चांगलं केलं. तेजरावसाठी मुलगी पाहायला आम्ही धामणगाव बढ्याला गेलो होतो. मुलगी कुसुम, सावळी, हसरी. पोहे आले, प्रश्न झाले, मुलगी आत गेली. तिच्या मामाने मिशीवर हात फिरवत विचारलं, "काय पाहुणे, पोरगी पसंत हाये ना?"

तेजरावने आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "माह्ये तळपाय गरम झाले."

पोह्याचे चमचे थांबले. मामाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, मुलाला ताप आहे की काय. सुधाकर एक क्षणही थांबला नाही. म्हणाला, "मामा, पसंत आहे. होकार धरा. माझा भाऊ खोटं बोलत नाही, फक्त त्याचं आम्हाला उलगडून सांगावं लागतं."

"मंग आमच्या पोरीनं काय रोज तळपायाले हात लावून पाहावं का?"

"लागलं तर पाहावं."

आत बायका हसल्या, मामा हसला, आणि लग्न ठरलं.

कुसुमने खरंच ते शिकून घेतलं. सुरुवातीला माझ्या बायकोकडे येऊन तक्रार करायची. "वहिनी, नवी साडी नेसून समोर उभी राह्यली, इचारलं कशी दिसते. तं म्हणते, लाल." दोघी पोट धरून हसायच्या. पण वर्षभरात तिचा हात बसला. ती माहेरी गेली की तेजराव उभ्याने जेवायचा, भिंतीला टेकून, ताट हातात धरून. "बसून का खात नाही?" विचारलं तर म्हणायचा, "बसलं की घास उतरत नाही." हे तिला कोणीतरी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आठवण काढून राह्यले होते." तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मग स्वाती झाली. तेजराव दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला, उठेना. गुडघ्यात जोर नाही म्हणाला. कुसुमने पोरगी बाहेर पाठवली आणि त्याच्या मांडीवर ठेवायला सांगितलं. त्याने ती गालाला लावली.

त्यांची माय गेली तेव्हा तेजराव रडला नाही. गावाने तोंडं वाकडी केली. भावकीतला एक जण माझ्यादेखत म्हणाला, "दगड हाये बे हा. माय मेली अन् याच्या डोयात टिपूस नाही." तिसऱ्या दिवशी तेजरावने दाढ दुखते म्हणून मोताळा गाठलं. डॉक्टर म्हणाला दाढ चांगली आहे, कीड नाही, काही नाही. हा ऐकेना. दुसऱ्याकडे गेला. हट्टाने ती चांगली दाढ काढून घेतली आणि तोंडात कापूस धरून घरी आला, आणि दुखायचं थांबलं नाही. सुधाकर त्या वेळी बुलढाण्याहून आलेला होता. बसायला आलेल्या प्रत्येक माणसाला तो सांगत होता, "त्याची दाढ नाही दुखत. माय दुखते आहे त्याला." ज्याने दगड म्हटलं होतं तो मान खाली घालून उठून गेला. त्या दिवशी मला सुधाकरचा अभिमान वाटला होता. आज ते आठवलं की जास्त संताप येतो. त्याला येत नव्हतं असं नाही. त्याला सगळं येत होतं.

कुसुम फार लवकर गेली. कावीळ म्हणून झाडपाला झाला, मग दवाखाना, मग संपलं. स्वाती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. सुधाकर आणि नलिनीवहिनीला मूलबाळ नव्हतं. वहिनी बाई वाईट नाही. तेरा दिवस तिने स्वातीला कुशीतून खाली ठेवलं नाही, हेही मी पाहिलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बैठक बसली. सुधाकर, नलिनीवहिनी, कुसुमचा तोच मामा, भावकीतले दोन म्हातारे आणि मी. तेजराव खांबाला टेकून बसला होता. स्वाती आतल्या दारात चौकट धरून उभी होती. तिला आत न्यायचं कोणाला सुचलं नाही.

सुधाकरने मुद्देसूद मांडलं. घरात बाई नाही. तेजा शेतात आणि बाजारात. पोरगी मोठी होणार. बुलढाण्याला शाळा चांगल्या आहेत. नलिनी तिला पोटच्या मुलीसारखी सांभाळेल. "आमच्याकडेच राहील. आमचीच होऊन राहील," तो म्हणाला, आणि भावाकडे वळला. "तेजा, तुझी हरकत आहे का? तुला काही वाटत असेल तर आत्ता बोल. मागून कोणी म्हणायला नको."

तेजरावने आत बघितल्यासारखं केलं. फार वेळ लावला. मग म्हणाला, "दादा, मले भूक लागली."

मग कुसुमचा मामा, ज्याने त्या दिवशी पोहे खाता खाता हसून होकार धरला होता, तो थुंकायला उठला. "काल बायकोची तेरवी झाली अन् याले भूक लागली. घेऊन जा बापा पोरीले. इथं काय हाये तिचं?"

मी मामाकडे पाहत नव्हतो. मी सुधाकरकडे पाहत होतो. माझा धंदाच तो. बैलाचा खूर फाटलेला आहे हे माहीत असून जो माणूस गिऱ्हाइकाने शेपटाकडून पाहायला सुरुवात केल्यावर गप्प राहतो, त्याचं तोंड मी हजारदा पाहिलेलं आहे. सुधाकरची नजर आधी भावाच्या तोंडावर गेली. त्याला कळलं. नक्की कळलं, त्याचा ओठ हललादेखील, "भूक नाही" म्हणायला हलतो तसा. मग त्याने नलिनीवहिनीकडे पाहिलं. वहिनीने दोन्ही हात मांडीत घट्ट धरले होते. आणि सुधाकर म्हणाला, "त्याला वाढा कोणीतरी."

बस. एवढंच.

मी उठलो. "सुधाकर, तू सांग तो काय म्हणून राह्यला. तूच सांग या लोकायले."

"उत्तमभाऊ, बसा."

"नाही बसत. तुले माहीत हाये भूक म्हणजे काय. माह्या गोठ्यात बसून सांगितलं तू."

"हा आमच्या घरचा मामला आहे. सगळं माणसासारखं चाललंय, तुम्ही आवाज चढवू नका."

मी चढवला. मामाला शिवी दिली, म्हाताऱ्यांना दिली. त्यांनी मला दंड धरून अंगणात आणलं. लोक मागून म्हणाले, उत्तमने आरडाओरडा केला नसता तर ऐकलं असतं. खोटं आहे. हळू बोललो असतो तर हळूच बाहेर काढलं असतं. मी अंगणातून पाहत होतो. तेजरावसमोर ताट आलं. वरण-भात, पोळी. तो ताटाकडे बघत राहिला, मग भावाकडे. कोणीतरी आता सांगेल, अशा नजरेने. आणि दारात पोरगी उभी, बापाकडे डोळे लावून. ताटाला त्याने हात लावला नाही. पण ते कोण पाहतंय? दुपारच्या गाडीने तिला नेलं.

पुढे तेजराव बाजाराला यायचा, उपरण्याखाली हात घालायचा, पण मध्येच हात काढून घ्यायला लागला. सौदा अर्धा टाकून झाडाखाली जाऊन बसायचा. मग यायचंच सोडलं. मला दुसरा तसा माणूस मिळाला नाही. हेही माझं नुकसान, पण ते मी बाजूला ठेवतो.

बुलढाण्याला मात्र तो जात राहिला. सीताफळांच्या दिवसांत पिशवी भरून न्यायचा, एरवी हरभऱ्याचे घाटे, मक्याची कणसं, जे असेल ते. सुधाकरच्या बैठकीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. स्वाती पाणी आणून द्यायची. हा विचारायचा, "शाळेत पंखा हाये का?" ती म्हणायची, "आहे." सुरुवातीला ती शेजारी बसायची. मग दारात उभी राहायला लागली. मग अभ्यास आहे म्हणून आत जायला लागली. सुधाकर त्या बैठकीतच पेपर वाचत असायचा. त्याने एकदा जरी तोंड उघडलं असतं, एकदा जरी म्हटलं असतं की बेटा, तुझा बाप पंख्याचं विचारत नाही. पण माणसाने एकदा खोट दाबली की पुढे ती रोज दाबावी लागते.

मी त्याच्या घरी जाऊन भांडलो आहे. त्याने दार लावून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मुलीचं वाईट झालं का? शिकते आहे, चांगल्या कपड्यांत आहे, नलिनी तिच्यावर जीव टाकते. तिकडे काय होतं?" यातलं काहीही खोटं नाही. पण पळवलेल्या बैलाला सरकी जास्त घातली म्हणून तो आपला होत नाही. मी तेच बोललो. त्यानंतर मला त्या घरात चहा मिळाला नाही.

स्वाती कॉलेजात गेल्यावर मी तिला बुलढाण्याच्या स्टँडवर गाठलं. सगळं सांगितलं, तिची आजी गेली ते, दाढ, भूक. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी त्या दिवशी दारात उभी होते. मला देऊन टाकत होते आणि बाबांना भूक लागली होती. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मी ऐकलंय."

"तू शब्द ऐकले. अर्थ तुझ्या मोठ्या बाबाले इचार."

"मोठे बाबा कधी माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्ही बैल विकता काका. म्हातारा बैल तरणा म्हणून खपवता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

माझे कान लाल झाले. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले आणि ती गाडीत जाऊन बसली. पोरगी माझ्याच तोडीची निघाली, एवढं खरं. दलालाच्या शब्दावर तिने विश्वास का ठेवावा? तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

जानेफळच्या मुलाशी तिचं लग्न बुलढाण्याला झालं, मंगल कार्यालयात. कन्यादानाला जोडपं लागतं, आणि तेजराव विधुर. त्यामुळे पाटावर सुधाकर आणि नलिनीवहिनी बसले. भटजीने विचारलंसुद्धा नाही. तेजराव नवा सदरा घालून पाचव्या-सहाव्या रांगेत बसला होता, पाहुण्यांमध्ये. मी त्याच्या शेजारी. त्याने मला दोनदा सांगितलं की सदऱ्याची गळपट्टी आवळते आहे. मी वरचं बटण सोडून दिलं. तरी आवळतच होती.

पाठवणीच्या वेळी स्वाती सगळ्यांच्या पाया पडली. नलिनीवहिनीच्या गळ्यात पडून रडली, सुधाकरच्या गळ्यात पडून रडली. तेजरावच्या पाया पडली आणि लगेच उठली. गाडीत बसली. तेजराव पुढे गेला आणि त्याने गाडीच्या दाराची मूठ धरली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, हा सोडेना. काच बंद होती. आत स्वाती समोर बघत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, वरातीतली पोरं हसायला लागली, "काका, तुम्ही पण चला." सुधाकर आला. त्याने भावाच्या कानात काही सांगितलं नाही. मुलीलाही काच खाली घे म्हणाला नाही. मुठीवरून त्याची बोटं सोडवली, आणि गाडी गेली.

तेजराव तिथेच उभा राहिला, हात तसाच पुढे धरून. मी जवळ गेलो. त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं. तोंड मात्र तसंच, कपाळावर आठी नाही. त्याने गालावरून बोट फिरवलं, ओलं बोट समोर धरून पाहिलं आणि मला विचारलं, "उत्तम, मले हे काय होऊन राह्यलं?"

"तू रडून राह्यला तेजराव. पोट्टी गेली म्हणून तुले वाईट वाटून राह्यलं."

"अस्सं हाये का." त्याने पुन्हा बोटाकडे पाहिलं. "हे तं मले तेव्हापासून होऊन राह्यलं. ती दादासंगं गेली तेव्हापासून. पाणी नव्हतं येत, पण हेच होतं." मग म्हणाला, "दादाले माहीत होतं ना? मंग त्यानं काऊन नाही सांगितलं?"

त्यानंतर मी त्याला चालतं-बोलतं पाहिलं नाही. मी बैल घेऊन खानदेशात होतो तेव्हा तो गेला.

सुधाकर, हा प्रश्न माझा नाही, तुझ्या भावाचा आहे, आणि तो तुला विचारायला त्याला कधी जमलं नाही, म्हणून मी विचारतो. तू का सांगितलं नाहीस? मला उत्तर देऊ नकोस, मला ते ठाऊक आहे. माईकवर देऊ नकोस, तिथे तू बोलून झालास. जानेफळला स्वातीच्या घरी जा. नलिनीवहिनीला सोबत ने, तिलाही ऐकू दे. मुलीसमोर बस, आणि त्या सकाळी ओसरीवर तिच्या बापाने तुला काय सांगितलं होतं, ते तिला तुझ्या तोंडाने सांग. माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. तुझ्यावर ठेवेल.